सावडीचं देणं

आषाढ लागला की वेल्ह्याच्या खोऱ्यातली भाताची खाचरं एकदमच तयार होतात आणि कुठल्याच घराचे हात पुरे पडत नाहीत. उपटलेला तरवा फार वेळ ठेवून चालत नाही. मग सावड होते. आज एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. पैशाची देवघेव नाही, पण कोणाचा दिवस कोणावर फिरतो हे प्रत्येकीला पाठ असतं.

ही लावणी बघत मी बांधावर तासन् तास उभी राहते. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची बोटं तीन-चार काड्या सोडवून चिखलात खोचतात, पाऊल मागे सरतं. तापातून उठलेली कोणी असली, तर तिला मधे घेतात. दोन्हीकडच्या बाया आपापली पात थोडी रुंद धरतात. तिची पात अरुंद होते आणि ओळ मोडत नाही. याची वाच्यताही कोणी करत नाही.

भोर-वेल्ह्याची माणसं पोटामागं मुंबईला गेली, तेव्हा ही रीतही सोबत गेली. चाळीत गावकीची खोली असे. महिन्याला वर्गणी, झोपायला पाळीपाळीनं जागा. नव्या पोराला काम लागेपर्यंत सांभाळायचं. कोणी दगावला तर त्याला गावी न्यायचा खर्च सगळ्यांचा. इंग्लंडात कामगारांनी आजारपणासाठी, मर्तिकासाठी अशीच मंडळं काढली होती. 1793 साली पार्लमेंटनं त्यांच्यासाठी कायदा केला. आपल्याकडे खोलीचा कारभार वहीवर आणि शब्दावर चालला.

पुढं ओझी वाहणाऱ्यांनी हीच एकी कायद्यापर्यंत नेली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल असं जेवण देणारी.

आता गावात तरणे हात कमी उरलेत, सावड विरळ झाली आहे. तरी बचत गटात बाया महिन्याचे पैसे टाकतात, अडलेलीला कर्ज देतात आणि ती ते फेडते. मला मोल वाटतं ते या फेडण्याचं. उपकारानं मान खाली जाते. सावडीत घेतलेला दिवस परत करता येतो, म्हणून घेणारी ताठ मानेनं घेते. गरिबांसाठी योजना आखणाऱ्यांनी घेणाऱ्याला देणारं होण्याची जागा त्यात ठेवावी, हे मी आग्रहानं मागते.