अहो, दुसरा टाका!

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "अजून विकली नाहीत?" आणि दुसरा, "पळते किती?" "थांबते कशी?" असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचीच ही हकिगत.

माझी गाडी म्हणजे २००२ सालची फियाट पॅलिओ, १.६ लिटरची. शंभर अश्वशक्ती! त्या काळी सचिन तेंडुलकर या गाडीची जाहिरात करायचा, त्यामुळे आमच्या आळीतली पोरं काही दिवस माझ्याकडेही आदरानं बघायची. आता त्या पोरांना पोरं झाली आणि आदर ओसरला, पण इंजिनाचा तोरा तसाच आहे. चढावर एखादी नवी गाडी मागे टाकली की मला पंचविसावं लागतं. हिच्या मते त्या वेळी माझी अक्कलही तेवढ्याच वयाची होते.

दोन वर्षांपूर्वी ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक 'कुंईऽऽ' असा आवाज येऊ लागला. "अहो, दाखवून घ्या एकदा," ही म्हणाली. "जुन्या गाड्या बोलतातच," असं म्हणून मी गाणी मोठ्यानं लावली. त्याच थाटात आम्ही महाबळेश्वरला गेलो आणि परतताना कोकणातल्या साडूंकडे जायचं म्हणून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरू लागलो. हिच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची करंडी. मी चौथ्या गिअरात, दर वळणावर ब्रेक दाबत, तेंडुलकरच्या तोऱ्यात.

निम्म्या घाटात ही म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचं असेल." पुढे ट्रक नव्हता. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला. पाय घट्ट टेकला, पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी आपली निघालीच आहे! तिसरा टाकला, दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला. कठड्याच्या अलीकडे गाडी थांबली. ही एक शब्द बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ही गप्प बसल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो, आणि त्यातला एकही शुभ नाही. करंडीच्या कडेवर तिची बोटं पांढरी पडली होती.

पुढे घरी बसून मी हिशेब केला. आम्ही दोघं, सामान आणि गाडी मिळून सुमारे तेराशे किलो. एवढं ओझं बाराशे मीटर खाली आणायचं तर जी उष्णता निघते, तिच्यात पन्नासेक लिटर पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या! यातला काही भाग वारा नेतो, आणि खालचा गिअर टाकला तर बराच भाग इंजिन सोसतं. मी इंजिनाला तसदी दिली नव्हती. तिन्ही बादल्या मी तळहाताएवढ्या चार पॅडांवर तापवायला ठेवल्या होत्या.

मिस्त्रीनं चाक काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, गाडी चालवता का भाजता?" नव्या पॅडवर दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो आणि तीनवर आला की बदलायचा. माझ्या बाहेरच्या पॅडवर पाच होता, आतल्यावर जेमतेम एक. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर पडत होता. आणि तो 'कुंईऽऽ'? पॅडला मुद्दाम पत्र्याची एक जीभ लावलेली असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. म्हणजे गाडी बोलत नव्हती, बोंबलत होती.

आता शहाणा माणूस साधे चांगले पॅड घालून मोकळा झाला असता. मी शर्यतीच्या गाड्यांचे पॅड मागवले. घाटात कितीही तापले तरी पकड सोडत नाहीत, असं वाचलं होतं. ते खरंही आहे. पण तापल्याशिवाय ते पकडही धरत नाहीत, हे वाचायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडगार ब्रेकनी मी सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराचं स्टूल उडवलं. रखवालदार चहाला गेला होता म्हणून हा लेख विनोदी आहे. शिवाय गावात ते असे किंचाळत की मी आलो हे तिसऱ्या मजल्यावर कळे, आणि चाकं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी काळी होत.

आठ दिवसांत ते काढले. मिस्त्रीनं रस्त्यावरचे, पण जरा बऱ्या प्रतीचे पॅड घातले, पिनांना ग्रीस लावलं आणि ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी प्यायलेलं ऑइल लवकर उकळतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून वीस-तीसदा हलकेच ब्रेक दाबून पॅड डिस्कवर बसवायचे. ही शेजारी बसून मोजत होती. माझ्या मोजणीवर तिचा विश्वास उरला नव्हता.

कार्ल बेन्झच्या बायकोची, बर्थाची, गोष्ट मी तिला त्या वेळी सांगितली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला न विचारता त्याची गाडी काढून, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून शंभरावर किलोमीटर दूर माहेरी फोर्त्सहाइमला गेली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं वाटेत चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच.

"म्हणजे गाडी पळवायची अक्कल नवऱ्याला," ही म्हणाली, "आणि थांबवायची बायकोला."

यंदा पुन्हा त्याच घाटानं उतरलो. पहिलं वळण यायच्या आत शेजारून आवाज आला, "अहो, दुसरा टाका." मी टाकला. गाणी बंदच ठेवली होती.