तुम्हाला गाडी येते का?



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गाला 'माझे बाबा' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीपाशी हात थांबला. त्यानं लिहिलं होतं,

"माझे पप्पा गाडी लई भारी चालवतात. ते एका हाताने गाडी चालवतात आणि दुसऱ्या हाताने फोन धरतात. आम्ही साताऱ्याला आत्तीकडे गेलो तेव्हा पप्पांनी गाडी शंभरने मारली. पप्पा म्हणतात, माझ्यासारखी गाडी आख्ख्या गावात कुणाला येत नाही. मी मोठा झाल्यावर पप्पांसारखी गाडी चालवणार."

अक्षर सुंदर. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. 'लई' सोडलं तर चूक काढायला जागा नाही, आणि आमच्या कोल्हापुरात 'लई'ला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण लाल पेन तसाच हातात राहिला. नेमकं कशाखाली रेघ मारू?

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला कुणी विचारलं, "गाडी येते का तुम्हाला?" तर तुम्ही काय उत्तर देता?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं उत्तर त्या मुलाच्या पप्पांचं. "नाद नाय करायचा! घाट असू दे, हायवे असू दे, डोळे झाकून चालवतो." दुसरं उत्तर माझ्यासारख्यांचं. "छे हो, मला कुठलं येतंय? आपलं घरापुरतं, भाजी आणण्यापुरतं." पहिल्याला आपण बढाई म्हणतो आणि दुसऱ्याला नम्रता. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला मोजलंय, हे आपण वर्गात सांगतो. मग स्वतःला कमी सांगणारा शहाणा असणार, असं आपण परस्पर धरून चालतो. हे माझं गणित करूळच्या घाटात चुकलं. तेच आज सांगायचं आहे.

त्याआधी थोडं माझ्या आण्णांविषयी. आण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. १९४८ साली १ जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ते वर्ष आमच्या घरात स्वातंत्र्याच्या वर्षाइतकंच तोंडपाठ होतं. आण्णांची नोकरी बहुतेक घाटातच गेली. मी एकतिसाव्या वर्षी एक जुनी गाडी घेतली, तेव्हा ते निवृत्त झाले होते. वर्षभर दर रविवारी ते माझ्या शेजारी बसायचे. बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावडा, तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी, चहा प्यायचा आणि परत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गगनबावड्यातून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. पावसाळ्यात दोन्हीकडं धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही.

आण्णांचे नियम थोडे होते. जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो, तो त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, कारण मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेक तापले की धरेनासे होतात. धुक्यात दिवे खाली ठेवायचे. वर केले की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा शेवटचा नुसता चांगुलपणा नाही, वाहतुकीच्या नियमातच आहे.

वर्षाच्या शेवटी मला तो घाट येत होता. मोठेपणा सांगत नाही, येत होता.

नंतर काही वर्षांनी श्रावणात आम्ही पाच शिक्षक वैभववाडीला एका बारशाला निघालो. सोबत एका मॅडमची सात वर्षांची मुलगी. गाडी आमच्या एका सरांची, चालवणारेही तेच. माणूस सज्जन, मुलांचा लाडका. फक्त गाडीचा विषय निघाला की सरांचा आवाज बदलायचा. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा धुकं दाटलेलं होतं. ते हसत म्हणाले, "काय मॅडम, ड्रायव्हरची लेक तुम्ही! घेता का स्टेअरिंग?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर सावरत म्हणाले, "नको बाई, मला कुठं एवढं येतं! तुम्हीच घ्या." सगळे हसले. मीही हसले. विनयशील मॅडम!

घाट सुरू झाला. सरांनी दिवे वर केले आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलवर टाकली. पाय सारखा ब्रेकवर. मागच्या सीटवर बसून मला एकेक चूक दिसत होती, अगदी वही तपासल्यासारखी. बोलले का? नाही. दहा मिनिटांपूर्वी 'मला कुठं येतं' म्हणालेल्या बाईनं आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की सर, दिवे खाली करा?

जळका वास यायला लागला. एका वळणावर खालून एसटी वर आली. सरांनी ब्रेक दाबला, गाडी नको तेवढी पुढं सरकली, त्यांनी स्टेअरिंग डावीकडं ओढलं. गाडी थांबली तेव्हा कठडा आणि चाक यांच्यात हातभर जागा होती. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "दिवे खाली घ्या. गिअरमध्ये टाका." आणि गेला. गाडीत फक्त त्या लहान मुलीच्या रडण्याचा आवाज होता.

ब्रेक थंड व्हायला बराच वेळ थांबलो. सरांचे हात थरथरत होते. तेव्हा कुठं माझ्या तोंडून वाक्य निघालं, "सर, मी घेऊ का? मला हा घाट येतो."

त्यांनी एक शब्द न बोलता चावी दिली. मी दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत, हळूहळू गाडी खाली उतरवली. वैभववाडीत उतरल्यावर सर बाजूला आले आणि म्हणाले, "मॅडम, आधी का नाही सांगितलंत?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही. त्यांनी नसलेलं आहे म्हणून सांगितलं, मी असलेलं नाही म्हणून सांगितलं. दोघंही खोटंच बोललो होतो. फरक इतकाच की त्यांच्या खोट्याला लोक बढाई म्हणतात आणि माझ्या खोट्याचं कौतुक होतं. सात वर्षांच्या मुलीला दोन्ही सारखंच महागात पडलं असतं.

सरांना मी दोष देत नाही. स्वतःच्या गाडीबद्दल बहुतेक सगळ्यांचं असंच असतं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या वाहन चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की इथं जमलेल्यांत तुमचं कौशल्य कितव्या क्रमांकाचं? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के आणि स्वीडनच्या गटात ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. आपण शिक्षक आहोत, उंचीप्रमाणे मुलांची रांग लावतो. रांगेतल्या मधल्या मुलापेक्षा शंभरातली ९३ मुलं उंच असतील का? पन्नासच असणार. म्हणजे त्र्याण्णवातल्या निदान त्रेचाळीस जणांचा अंदाज चुकला होता, आणि तो कुणाचा हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं.

वर्गात असा अंदाज चुकला तर मार्क जातात. रस्त्यावर काय जातं ते सरकारी आकड्यांत आहे. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. त्या मुलाच्या वहीतलं 'शंभरने' घ्या. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. फोनकडं तीन सेकंद बघितलं तर गाडी ८० मीटरच्या पुढं गेलेली असते. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. अशी तीन मैदानं डोळे मिटून!

मग गाडीबद्दल बोलायचं तरी कसं? याचं उत्तर मला मराठीतच सापडलं. आपण 'मी गाडी चालवतो' असंही म्हणतो आणि 'मला गाडी येते' असंही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात 'मी' कर्ता राहत नाही, 'मला' होतो. गाडी येते, पोहता येतं, भाकरी येते. कला कुठूनतरी आपल्याकडं येते, आपण तिचे मालक नसतो. 'हात बसलाय' म्हणतो, तेव्हाही कर्ता हातच. इतकी नम्रता आपल्या व्याकरणातच असताना वर खोटं बोलायची गरजच काय?

आण्णांचं बोलणं आठवलं. कुणी विचारलं, "इतकी वर्षं घाटात, एकही अपघात नाही?" तर ते म्हणायचे, "आजपर्यंत तरी नाही." 'माझ्या हातून होणारच नाही' असं ते कधी म्हणाले नाहीत आणि 'मला काय येतंय' असंही नाही. शेवटची ड्युटी संपवून डेपोत गाडी लावली, त्या दिवशी त्यांनी 'तरी' काढून टाकलं. नम्रता मला त्या शब्दात दिसते. काम येतं हे मान्य, पण उद्याची खात्री मी देत नाही.

म्हणून मी वर्गात एक उपक्रम घेतला. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहायची. एक, मला काय येतं. दोन, मला अजून काय येत नाही. तीन, मला कुणाच्या मदतीनं काय येतं. अट एकच, 'लई भारी' नको आणि 'मला काहीच येत नाही' पण नको. मुलांना पहिलं वाक्य सोपं जाईल असं वाटलं होतं. उलटंच झालं. बढाई मारणारी मुलं दुसऱ्या वाक्याला अडली आणि गप्प बसणाऱ्या मुली पहिल्याला. एका मुलीनं शेवटी लिहिलं, "मला भाकरी येते. माझी भाकरी अजून फुगत नाही. आजी तवा बघत असली तर फुगते." यापेक्षा नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. आणि 'अजून' हा शब्द तिला मी शिकवला नव्हता.

तो वहीवाला मुलगा? त्याच्या निबंधाखाली मी रेघ मारली नाही. वडिलांचा अभिमान वाटतो ही काही चूक नाही. पालक मेळाव्याला त्याचे पप्पा आले, तेव्हा वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग हळूच म्हणाले, "पोरगं समदं ऐकतंय की ओ." थोड्या वेळानं, "मॅडम, एवढं खोडा की हे." मी म्हटलं, "मी कसं खोडू? शुद्धलेखन बरोबर आहे." ते हसले नाहीत. वही मिटून त्यांनी पोराच्या दप्तरात ठेवली.

पालकहो, शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, 'मोठा झाल्यावर पप्पांसारखी'. काही जण तर मोठं व्हायचीही वाट बघत नाहीत, आठवीतच चावी मागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण चावी मागण्याची सुरुवात त्या आधीच होते, आपण जेवताना आपल्या गाडीच्या गोष्टी कशा सांगतो तिथून.

आता मला कुणी विचारलं, की तुम्हाला गाडी येते का मॅडम, तर मी सांगते, "येते. करूळ घाट येतो, धुक्यात हळू उतरते. ऊसाच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला अजून जमत नाही, मागंच राहते. अपघात आजपर्यंत तरी नाही."

बोलायला जरा लांब होतं. पण शेजारी बसणाऱ्याला नेमकं कळतं, की आपण कुणाच्या गाडीत बसतोय.