गाईड कशावर वाजवावा?

गायकाला चाल पाठ करता यावी म्हणून वाजवून पाठवतात तो गाईड बासरीवर वाजवू नये, असं माझं मत आहे, आणि त्यावरून ओळखीतल्या निम्म्या लोकांशी माझे वाद झालेत. घरी गाणं करणारा जो तो कीबोर्डवर आधी बासरीच लावतो. गोड लागते, बोट जरा मागेपुढे पडलं तरी खपून जातं. अडचण तीच आहे. बासरीचा स्वर हळू उगवतो, त्यामुळे अक्षर नेमकं मात्रेवर आहे की मात्रेनंतर, ते गायिकेला कळत नाही. शिवाय कीबोर्डवरची बासरी वरच्या सप्तकात खुलते म्हणून सगळे तिथेच वाजवतात, आणि मग पुरुष गायकाचा फोन येतो, ‘दादा, हे खाली घ्यायचं ना?’

स्वतः गाऊन का पाठवत नाही? ठाण्याला वर्तकनगरात माझ्या खिडकीखाली रिक्षा, पलीकडे म्हाडाच्या जुन्या इमारतींचं पाडकाम, गुरुवारी साईबाबांच्या मंदिराकडची गर्दी; माइक उघडायचा तो रात्रीच. कीबोर्डला माइक लागत नाही. आणि माझ्या आवाजात पाठवलं, की गायिका चालीबरोबर माझे हेलही उचलते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. संगीतकार पेटी घेऊन बसे आणि गायक समोर. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, अशा आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. पण चाल बसवताना पेटी कुणाला नडली नाही, कारण मींड संगीतकार तोंडाने सांगत होता. माझी गायिका डोंबिवलीला राहते. चाल व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि ती लोकलमध्ये इअरफोन लावून पाठ करते. तोंडाने सांगायचं तेही आता त्या एका आवाजातूनच पोचवायचं.

पियानोचा ठोका स्वच्छ, पण लांबवलेला स्वर विझत जातो, आणि गायिकाही तो लवकर सोडायला लागते. चेलोचा खर्ज फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. सारंगीचे तयार तुकडे मिळतात, पण त्यांतली मींड त्या वादकाची असते.

माझा कौल क्लॅरिनेटला. कंप नसलेला, एका वेळी एकच स्वर, लेगाटो चालू, रिव्हर्ब बंद. अक्षर बदललं की बोट उचलून नवी पट्टी. एकाच अक्षरावर स्वर फिरत असेल, तर आधीची न सोडता पुढची. ‘पाऊस’ घ्या. ‘पा’ षड्जावर, ‘ऊ’ रिषभावरून गंधारापर्यंत ओढलेला, ‘स’ परत रिषभावर. ओढायला पिच बेंडचं चाक. ते बहुतेक कीबोर्डांवर २ अर्धस्वरांपुरतं लावलेलं असतं. रे ते शुद्ध ग तेवढ्यात भागतं, सा ते प जायचं तर ७ करावं लागतं. तो शेवटचा ‘स’ बोलताना आपण तोडतो. गाताना त्याला स्वर द्यायचा की नाही, हे वाजवतानाच ठरवून टाकावं; नाहीतर गायिका एक ठरवते, कोरस दुसरंच. कीबोर्डला दम लागत नाही, म्हणून वाजवताना मी ओळ पुटपुटतो आणि जिथे माझा श्वास संपतो तिथे बोट उचलतो.

क्लॅरिनेट असा वाजवला की रुक्ष लागतो, मान्य. मला तसाच हवा आहे. गाईड देखणा झाला की निर्माता त्याच्याच प्रेमात पडतो आणि खरा आवाज आल्यावर ‘डेमोत काहीतरी वेगळं होतं हो’ सुरू होतं. १९५४च्या ‘नागिन’ सिनेमातली बीन कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली, लोकांना अजून गाण्याच्या आधी ती बीन आठवते. तसला आवाज गाईडला लावला तर गायिकेने उभं राहायचं कुठे?

रेकॉर्डिंगला गाईड एकाच कानात देतो, तोही हळू. दोन्ही कानांत मोठा दिला, की ती त्याच्या मागून गाते आणि हेडफोनमधून तो माइकमध्ये झिरपतो. चाल अंगात भिनली की बंदच करतो. पुसत मात्र नाही, कोरसवाली मंडळी यायची असतात आणि त्यांना तोच क्लॅरिनेट पाठवायचा असतो.