खारपुश्तची झोप

फजर आटोपून चहा ठेवला होता, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा इंग्लंडहून फोन. तिथे मध्यरात्र. "बाजी, याचा हेजहॉग गेला. हा मानतच नाही. तूच समजाव."

उर्दूत त्याला खारपुश्त म्हणतात. मराठीत आपण साळिंदर म्हणून मोकळे होतो, पण साळिंदर वेगळं. हा ओंजळीत मावतो. दिवसभर झोपतो, रात्रभर चक्रावर धावतो. त्या रात्री चक्र गप्प होतं आणि पोट गार पडलं होतं.

बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलेली मी. मुलाला मृत्यू कसा सांगावा याची वाक्यं जुळवू लागले. भाचा म्हणाला, "खाला, श्वास चालू आहे. फार हळू."

मग त्यानेच मला शिकवलं. तिथला रानटी हेजहॉग अंगात चरबी साठवून हिवाळाभर झोपतो. पाळीव जात मूळची आफ्रिकेची. खोली गार पडली की तीही तशीच झोपू पाहते, पण शरीराची तयारी नसते. वेळीच ऊब मिळाली नाही तर त्या झोपेतून उठणं नाही. खोली 24 अंशांच्या आसपास तरी हवी.

"बिल वाचवायला रात्री हीटिंग मीच बंद केलं होतं," बहीण पुटपुटली.

गरम पाण्यात घालायचं नाही, हळूहळूच ऊब द्यायची. भाच्याने त्याला फडक्यात गुंडाळून स्वेटरच्या आत छातीशी धरलं. माझा चहा उतू गेला. बऱ्याच वेळाने एक पाय हलला. सकाळी ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले.

आता त्या खोलीतलं हीटिंग रात्रभर चालू असतं. बहीणही तिथेच झोपते.