फुकट ते पौष्टिक!

"अहो, तो दिवा चांगला दिसतोय. गाडी जरा मागे घ्या ना!"

आमच्या घरातल्या धंद्याचा नारळ फुटला तो ह्या वाक्याने. साल 2019, तारीख 1 सप्टेंबर, स्थळ ऑलस्टन. बॉस्टनच्या मंडळींना तारीख आणि स्थळ ऐकूनच उलगडा झाला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. विद्यार्थ्यांच्या ह्या शहरात भाड्याच्या घरांचे बरेचसे करार 1 सप्टेंबरला सुरू होतात आणि 31 ऑगस्टला संपतात. त्यामुळे हजारो बिऱ्हाडं एकाच दिवशी हलतात. स्टॉरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलाखाली भाड्याचा एखादा तरी ट्रक अडकल्याशिवाय तो दिवस साजरा होत नाही. आणि गाडीत जे मावत नाही ते सगळं फुटपाथवर येतं. पलंग, टेबलं, पंखे, पुस्तकांची कपाटं, तव्यापासून टीव्हीपर्यंत सगळं! लोक ह्या दिवसाला लाडाने 'ऑलस्टन ख्रिसमस' म्हणतात.

आम्हाला हा सण नवा नव्हता. 1993 साली आम्ही दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन इथे आलो तेव्हा आमचं पहिलं घर ह्याच फुटपाथने सजवलं होतं. एक टेबल, दोन बेजोड खुर्च्या आणि तीन पायांचा सोफा. चौथ्या पायाच्या जागी टेलिफोन डिरेक्टरी! पण ती गरज होती. 2019 साली मुलगी नोकरीला लागलेली, घराचे हप्ते संपत आलेले, आणि तरीही आम्ही गाडी मागे घेतली. सवय म्हणा, संस्कार म्हणा. फुकट ते पौष्टिक!

दिवा पितळी होता, जड होता, फक्त वायर तुटलेली. नवीन वायर आणि प्लग मिळून 9 डॉलर लागले. मुलगी वीकएंडला घरी आली होती. तिने फोटो काढले, चार ओळी खरडल्या आणि दिवा विकायला टाकला. दोन दिवसांत एक गृहस्थ दारात येऊन 45 डॉलर मोजून घेऊन गेले. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं आपण ह्या फुटपाथवरून नुसतेच चालत होतो की काय?

मग आम्ही अभ्यासाला लागलो. मराठी माणूस धंद्यात पडला की आधी इतिहास वाचतो, तसा आम्हीही वाचला. ई-बे ही बाजारपेठ पिएर ओमिड्यार ह्यांनी 1995 साली सुरू केली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू काय असेल? मोडलेला लेझर पॉइंटर! तो 14 डॉलर 83 सेंटला गेला. मोडलेलासुद्धा विकत घेणारा कुणीतरी जगात असतो, हा ह्या धंद्याचा मूलमंत्र आम्ही तिथूनच घेतला. त्याच वर्षी सान फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क ह्यांनी क्रेगलिस्ट सुरू केली. तिथे 'फुकट' नावाचा एक वेगळा कप्पाच आहे. फेसबुकचं मार्केटप्लेस आलं 2016 मध्ये. म्हणजे फुकट मिळवायची आणि फुकटचं विकायची, दोन्ही सोय बसल्या जागी झाली.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं आपल्याकडे म्हणतात. ह्या धंद्यात मात्र आधी दातच मोजावे लागतात. हळूहळू आम्हाला कळत गेलं की मोठ्या वस्तूंच्या मोहात पडू नये. सोफा उचलायला चार माणसं आणि विकायला चार महिने लागतात. खरी कमाई लहान वस्तूंत. शाळा-कॉलेजात लागणारे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ग्राफिंग कॅल्क्युलेटर, जे पदवी मिळाली की पोरं टाकून देतात. जुन्या रंगीत नक्षीची पायरेक्सची भांडी. लेगोचे तुकडे, जे वजनावर खपतात. टीव्ही फेकला तरी त्याचा रिमोट ठेवावा, कारण कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू आहे आणि रिमोट कुत्र्याने चावलाय. पाठ्यपुस्तकं असतील तर टपालखात्याचा 'मीडिया मेल' हा स्वस्त दर आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक काय किंमत मागताहेत ते बघू नये, वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते बघावं. मागायला काय, कुणीही हजार मागतो!

काय उचलू नये हेही शिकलो. गादी आणि कापडी सोफा अजिबात नाही. ढेकूण ह्या प्राण्याशी आमची ओळख गिरगावातल्या चाळीत झाली होती. सातासमुद्रापलीकडे येऊन ती पुन्हा वाढवायची हौस नाही. बाजू खाली सरकणारे बाळाचे पाळणे विकायला ह्या देशात जून 2011 पासून बंदी आहे. कंपनीने दोषी म्हणून परत मागवलेली वस्तू विकणं हाही 2008 च्या कायद्याने गुन्हा आहे. मुदत संपलेली गाडीतली बाळाची सीट कितीही नवी दिसली तरी तिला हात लावू नये. आपल्या 20 डॉलरसाठी कुणाचं मूल धोक्यात घालायचं नाही.

"पण काय हो, दुसऱ्यांचा कचरा उचलणं कायद्यात बसतं का?" हा प्रश्न मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी कमी आणि 'बघा, काय वेळ आली ह्यांच्यावर' असा भाव जास्त! रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्याबाबत खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने 1988 साली दिलाय. पण तो पोलिसांच्या झडतीबद्दल आहे, आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी नाही. गावागावाचे नियम वेगळे असतात. ते आधी बघावेत, आणि घरमालक दिसला तर सरळ विचारावं. 'घेऊन जा' म्हणताना बहुतेकांना आनंदच होतो.

पहिल्या पूर्ण वर्षाचा हिशेब आम्ही डायनिंग टेबलवर मांडला. विक्री 2,860 डॉलर. विक्रीची फी, टपाल, खोकी, चिकटपट्टी ह्यांचे 610 गेले. पेट्रोलचे 190. उरले 2,060. त्यावर कर भरायचा तो वेगळा, कारण कुणी फॉर्म पाठवो वा न पाठवो, नफा तो नफाच. तास मोजले ते 290 भरले. म्हणजे तासाला साधारण 7 डॉलर! आमच्या राज्यात 2023 पासून किमान वेतन 15 डॉलर झालं. म्हणजे किराणा दुकानात पिशव्या भरल्या असत्या तर दुप्पट मिळाले असते, शिवाय बेसमेंट रिकामं राहिलं असतं. 'नफा' ह्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी नीट कळला. तरी आम्ही थांबलो नाही. रविवारी सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन निघायचं, ह्यात गंमत होतीच की.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येत नाही.

2021 च्या हिवाळ्यात आम्ही गावातल्या शेजाऱ्यांच्या एका देवाणघेवाणीच्या गटात शिरलो. असे गट आता सगळीकडे आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर दोन मैत्रिणींनी 2013 मध्ये 'बाय नथिंग' ह्या नावाने असा गट सुरू केला आणि ती कल्पना देशोदेशी पसरली. आपल्याला नको असलेलं शेजाऱ्याला द्यायचं, हवं असलेलं मागायचं, मध्ये पैसा आणायचा नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींनी शिवणाचं मशीन द्यायचं ठरवलं. त्यांच्या आईचं मशीन. सिंगरचं 221, ज्याला 'फेदरवेट' म्हणतात ते. काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं, सुबक पेटीत बसणारं, वजन जेमतेम 11 पौंड. 1933 पासून ही मशीनं बनू लागली आणि गोधड्या शिवणाऱ्या बायका आजही त्यांच्यावर जीव टाकतात. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं, किमतीसकट.

मागणारे बरेच होते. आम्ही लिहिलं, "आमच्या आईकडे काळं मशीन होतं. त्यावर तिने आमचे सगळे कपडे शिवले." वाक्य खरं होतं. आईचं मशीन उषाचं होतं, पण काळंच होतं. एकाने लिहिलं, दुसरीने वाचून 'छान लिहिलंय' म्हटलं. म्हणजे दोष अर्धा अर्धा. आजींनी आम्हालाच निवडलं. मशीन देताना त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला.

आम्ही तेलपाणी केलं, नवा पट्टा घातला, आणि आठवडाभरात 350 डॉलरला विकायला लावलं.

तिसऱ्या दिवशी आजींचा निरोप आला. रागाचा एक शब्द नव्हता. "मशीन विकायला लावलेलं पाहिलं. तुम्हाला पैशाची गरज असेल तर मी समजू शकते. पण शिवण शिकायला निघालेल्या एका मुलीला मी नाही म्हटलं होतं, तुमच्या आईमुळे."

तो निरोप आम्ही दोघांनी वाचला आणि बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही. आम्हाला पैशाची गरज नव्हती. आईला मध्ये आणायची तर मुळीच नव्हती. संध्याकाळी जाहिरात काढून टाकली आणि पेटी घेऊन आजींच्या दारात उभे राहिलो. त्यांनी आत बोलावलं, पण मशीन घेतलं नाही. त्या मुलीने एव्हाना नवीन विकत घेतलं होतं. "आता ते तुमचं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. अजूनही रस्त्यात दिसल्या की हात करतात. पूर्वी मात्र थांबून बोलायच्या.

लहानपणी आमच्या चाळीत बोहारीण यायची. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. आई तिच्याशी तास तास हुज्जत घालायची. "अगं, ही साडी दोनदाच नेसलेय, निदान डबा तरी दे!" ती म्हणायची, "वैनी, जर विरलीय, पातेलीच बसतीय." शेवटी पातेलं आणि वर एक चमचा असा तह व्हायचा. ती बाई ते कपडे पुढे विकणार, त्यावर तिचं पोट चालणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तिनेही कधी 'माझ्या लेकीला नेसवते' असं म्हणून साडी नेली नाही. भांडं समोर, कपडा समोर, व्यवहार उघड. जुन्यावर पैसा मिळवण्यात लाज नाही हे ती बाई जगून दाखवत होती. आम्ही तिच्याच धंद्यात पडलो, पण तिचा उघडेपणा घ्यायला विसरलो.

तेव्हापासून आमच्याकडे फुकटाचे दोन प्रकार आहेत, टाकलेलं आणि दिलेलं. टाकलेलं उचलावं, पुसावं, दुरुस्त करावं, खुशाल विकावं. ट्रकमधून कचऱ्यात जाणारी वस्तू कुणाच्या तरी घरात नांदली तर तो पुण्याचाच भाग. पण दिलेलं विकायचं नाही. देणाऱ्याने त्या वस्तूबरोबर माणूसही निवडलेला असतो. विकायचंच असेल तर घ्यायच्या आधी सांगावं, "मी हे विकणार आहे, चालेल का?" आम्ही सांगून पाहिलं. काही जण नाही म्हणतात. पण "अहो, न्या हो, बेसमेंट मोकळं करा एकदाचं!" म्हणणारेही पुष्कळ निघाले. इतकं सोपं होतं ते!

मशीन दिवाणखान्यात आहे. त्यावर जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतो. पहिली पिशवी आजींना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली.

आणि 1 सप्टेंबरला अजूनही जातो. आता मात्र उचललेल्यातली टेबलं, दिवे, भांडी नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढतो. त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. तीन पायांचा सोफा आम्ही विसरलेलो नाही. गेल्या वर्षी नागपूरहून आलेला एक मुलगा टेबल न्यायला आला. त्याने टेबल हलवून पाहिलं, खण उघडून पाहिले, मग जरा घुटमळला.

"काकू, एक विचारू? दोन वर्षांनी इथून जाताना मी हे टेबल विकलं तर चालेल का?"

आम्ही दोघं एकदमच हसलो. "अरे, विचारलंस ना? मग चालेल!"