थांबलेल्या पंपाचं काम

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये पहिल्यांदा पाणी भरून पंप चालू केला, की टाकीतलं पाणी दुधाळ होतं, नळ्यांतून बुडबुड्यांच्या माळा धावू लागतात आणि कॅबिनेटमधून गुळगुळ आवाज येतो. अशा वेळी हात आपसूक पंपाचा वेग वाढवायला जातो. जोर लावला की हवा निघेल, असं वाटणं साहजिक आहे. हे काम करता करता माझं मत मात्र उलट होत गेलं. पंप चालू असताना हवा फक्त जागची हलते; ती बाहेर पडते ती बहुतांशी पंप बंद असताना.

साधा हिशेब करून पाहावा. मिनिटाला 4 लिटर प्रवाह आणि नळीचा आतला व्यास 10 मिलिमीटर धरला, तर नळीतलं पाणी सेकंदाला सुमारे 85 सेंटिमीटर धावतं. या ओढीत बारीक बुडबुड्याला वर जायला वावच नाही. पाणी नेईल तिकडे तो जातो. तो सुटू शकतो फक्त टाकीत, कारण तिथे रुंदी वाढते आणि पाणी संथ होतं. टाकी 6 सेंटिमीटर व्यासाची असेल, तर तिच्यात पाणी सेकंदाला साधारण 24 मिलिमीटर वेगाने खाली उतरतं. पण स्टोक्सच्या नियमानुसार 0.1 मिलिमीटरचा बुडबुडा स्थिर पाण्यातसुद्धा सेकंदाला जेमतेम 5 मिलिमीटर वर चढतो. म्हणजे पूर्ण वेगात तो टाकीत येतो आणि तसाच पुन्हा पंपात ओढला जातो. व्यास निम्मा झाला की चढण्याचा वेग चौथाईवर येतो, आणि दुधाळ पाण्यात असल्या बारीक बुडबुड्यांचीच गर्दी असते. पंप बंद करा आणि तीच टाकी पाहा. 15 सेंटिमीटर उंचीची असेल, तर 0.1 मिलिमीटरचे बुडबुडे अर्ध्या मिनिटात वर येतात, त्याच्या निम्म्यांना दोनेक मिनिटं लागतात. पाणी तळापासून वरवर निवळत जातं. नळ्यांतही तेच चाललेलं असतं: बारके बुडबुडे वळणाच्या माथ्यावर जमतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक मोठा फुगा होतो. पुढच्या वेळी पंप सुरू झाला की हा फुगा टाकीपर्यंत वाहत येतो, आणि मोठा असल्यामुळे झटकन वर सुटतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की संथ पाण्याने रेडिएटरमधली हवा हलतच नाही. तो खरा आहे. रेडिएटर उभा असेल आणि तोंडं खाली असतील, तर वरच्या कप्प्यात हवा ठाण मांडून बसते आणि पाणी तिच्या खालून वळून निघून जातं. तिथे जोरही लागतो आणि कॅबिनेट कलतं करून तोंडं वर आणण्याची खटपटही. पण जोराचं काम तेवढंच, हवा उठवण्याचं. त्यानंतरही पूर्ण वेग चालू ठेवला तर नवी हवा मिसळते. परतीची नळी पाण्याच्या पातळीच्या वर सुटत असेल तर धार आपटून फेस होतो, आणि टाकीत पाणी कमी असेल तर भोवरा पडून वरची हवा थेट पंपाच्या तोंडात जाते. एका बाजूने काढायची आणि दुसरीकडून भरायची, असा तो उद्योग.

म्हणून पंपाला थोडा वेळ चालवावं, मग थांबवावं. यासाठी मदरबोर्डला वीज न देता पॉवर सप्लायच्या 24 पिनांच्या जोडणीत हिरवी आणि काळी तार जोडून फक्त पंप चालवतात. सुरुवातीला तर टाकी रिकामी व्हायच्या आत, काही सेकंदांतच बंद करून पुन्हा पाणी ओतावं लागतं. या पंपांची बेअरिंग आतल्या पाण्यावरच फिरतात, ते कोरडे चालवणं म्हणजे त्यांचं आयुष्य घटवणं. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती नुसती घुमते, पाणी उचलत नाही; इथला पंपही त्याच जातीचा.

दुसरा आक्षेप आळसाचा आहे, पण अगदीच पोकळ नाही: दोन दिवस चालू ठेवलं की हवा आपोआप जाते, आणि थोडी राहिली तर बिघडतं काय? बरीचशी जाते, हे मान्य. रेडिएटरच्या कोपऱ्यात चमचाभर हवा राहिल्याने तापमानात फरक पडेल, असंही मला वाटत नाही. पण पाण्याच्या तुलनेत हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अगदी नगण्य आहे. प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक खाचांत ती अडकली, तर तेवढ्या खाचा कामातून जातात. पंपात अडकली तर आवाज आणि झीज.

एक गोष्ट मात्र थांबून होत नाही. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापल्यावर सुटते: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरणारं पाणी 40 अंशांना साडेसहाच्या आसपासच धरतं. त्यामुळे पहिले काही दिवस मशीन तापून थंड झालं की टाकीतली पातळी पाहावी, लागेल तसं पाणी घालावं. टाकी काठोकाठ मात्र भरू नये. तेवढ्याच तापण्याने एक लिटर पाणी सहा मिलिलिटरने फुगतं, आणि त्यासाठी झाकणाखाली बोटभर हवा मुद्दाम ठेवावी लागते.