येळवशीचा पाहुणा

अब्बा पिंजारी होते. दिवाळी सरली की खांद्याला धनुकली अडकवून लोह्याहून निघायचे आणि अहमदपूरकडच्या गावांतून गाद्या भरत फिरायचे. एस.टी.चे पैसे वाचावेत म्हणून पायीच. परत आले की किती काम झालं हे सांगण्याआधी कुणाच्या घरी काय जेवलो ते सांगायचे. कुठे ओट्यावर, कुठे गोठ्यात. एका गावात बाहेरच्या देवळीत त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथेच पालथा घालायचा. ते हे रागाने सांगत नसत. राग आम्हाला यायचा.

निवृत्त झाल्यापासून ती वाट एकदा पायी चालावी असं मनात होतं. निमित्त मिळालं येळवशीचं. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. ज्याला रान आहे तो ओळखीपाळखीच्या सगळ्यांना जेवायला बोलावतो, त्यात जात-धर्म बघत नाहीत. शाळेतल्या एका मित्राचं बोलावणं होतं. त्याचं रान अहमदपूरच्या अलीकडे. मी त्याला फोनवर सांगितलं, ‘पायी येतो.’ त्याला ती थट्टा वाटली.

३० डिसेंबर २०२४, सोमवार. फजरची नमाज पढून लोह्यातून निघालो. अंतर पस्तीसेक किलोमीटर. सफरीत असलेल्या माणसाला चार रकातींच्या जागी दोन पढायची सवलत आहे. हनफी उलेमा त्यासाठी ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर अंतर धरतात. मूळ हिशेब मात्र मैलांचा नाही, तीन दिवसांच्या चालीचा. त्या हिशेबाने मी मुसाफिरही नव्हतो. दुपारनंतर पायांना हे पटवून देणं कठीण गेलं.

रस्ता आता रुंद झाला आहे. अब्बा ज्या झाडांखाली टेकत, ती राहिली नाहीत. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर, गुडघ्याएवढा हरभरा, मधेच ज्वारीचा पट्टा. वाटेत एका जुन्या विद्यार्थ्याने मोटारसायकल थांबवली. ‘सर, बसा की मागं.’ नाही म्हटल्यावर त्याने घरी नेऊन चहा पाजला आणि खिशात भाजलेल्या शेंगा कोंबल्या.

माळेगावला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. खंडोबाची यात्रा आदल्याच दिवशी सुरू झाली होती. घोडे, गाढवं, उंट, घोंगड्यांची दुकानं आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. शाळेतले एक जुने सहकारी दरवर्षी कुटुंबासह इथे पाल ठोकतात. त्यांनी हात धरून आत नेलं. भाकरी, ठेचा, वर ताक. पालाच्या कोपऱ्यात जागा करून देत म्हणाले, ‘मास्तर, तुमची दुपारची नमाज इथंच उरकून घ्या.’ जोहर तिथेच अदा केली. बाहेर ‘येळकोट’ चालला होता. माझं ध्यान विचलित झालं नाही.

जिल्ह्याची हद्द ओलांडून मित्राच्या रानात पोचायला साडेतीन झाले. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव. माणसं जेवून सावलीला पडली होती. मित्र मात्र जेवायचा थांबला होता. ‘खरंच पायी आलास व्हय? आधी पाय धू.’ वहिनींनी पुढ्यात वाढलं. तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, उंडे, गव्हाची खीर. मडक्यातली आंबील एकाच तांब्याने सगळ्यांत फिरत होती.

हे रान म्हणजे दोन एकर गायरान. मित्राची जात मातंग. त्याच्या वडिलांनी १९८० नंतर ते दगडगोटे वेचून वहितीला आणलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण सातबाऱ्यावर नाव लागायला त्यांचे जोडे झिजले. लहानपणी येळवशीला आम्ही दोघंही दुसऱ्यांच्या रानात जायचो आणि बांधाच्या कडेला बसायचो. बोलावण्यासाठी आमच्याकडे रान नव्हतं. पाहुणा होणं काय असतं ते आम्हाला पाठ होतं, यजमान होणं ठाऊक नव्हतं.

तांब्या माझ्या हातात आला आणि घास घशात अडकला. वर्षानुवर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर एक निळ्या काठाचा कप होता. अम्मा हळूच सांगायची, ‘उसकू वो कप में दे.’ दारावरून फकीर रिकामा न पाठवणारी माझी अम्मा. एका ताटात जेवायची शिकवण देणारा आमचा दीन. आणि अब्बांच्या देवळीतल्या कपाचा राग येणारे आम्ही.

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, ‘ठाव होतं मला. म्हणून तर पुढं पुढं चहा नको म्हणायचो.’

‘मला वाटायचं, तुला चहा आवडत नाही.’

‘चहा कुणाला आवडत नाही रे?’

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यानेही माफ केलं असं म्हटलं नाही. वहिनींना हाक मारून त्याने माझ्या ताटात आणखी खीर वाढायला लावली.

दिवस मावळताना त्याच्या नातवाने कडब्याचा हेंडगा पेटवला आणि तो घेऊन रानाभोवती पळाला. मी बांधावर चादर अंथरून मगरिब पढलो. रात्री निघतो म्हटलं तर मित्राने चपलाच लपवल्या. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यापुढचा सदका, अशी हदीस आहे. मी एकच रात्र राहिलो. झोपताना त्याला म्हणालो, ‘ईदला ये. चहा घ्यावा लागेल.’ तो म्हणाला, ‘बघू.’

३१ मार्च २०२५ ला ईद होती. दुपारी तो एस.टी.ने आला. शीरखुर्मा झाला, मग चहा आला. ट्रेमधले सगळे कप एकसारखे होते. तरी उचलण्याआधी त्याने ते एकदा निरखून पाहिले. त्याचं पाहणं मला दिसलं. मी मान खाली घातली नाही. तेवढं पाहण्याचा त्याला हक्क होता.